आवाज लिमिटमध्ये आहे, मग झोप का मोडते? : वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी पत्रं आणि मेल जवळपास सगळे एकाच विषयावर आलेत. २५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि तेव्हापासून उलवे, पनवेल, करंजाडे इकडच्या लोकांचं एकच म्हणणं आहे, आवाज. मी स्वतः नेरूळला राहते आणि वीसेक वर्षं आवाज मोजायचंच काम करतेय, कारखान्यांत, हायवेलगत, गणपतीच्या मिरवणुकीत सुद्धा, त्यामुळे ह्या विषयावर लिहायला मला आवडतंय म्हणण्यापेक्षा लिहायलाच पाहिजे असं वाटतंय. सगळ्यांची पत्रं घेता आली नाहीत, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, आम्ही उलव्याला सातव्या मजल्यावर राहतो. बाळ आठ महिन्यांचं आहे. रात्री विमान गेलं की दचकून उठतं, मग तासभर मांडीवर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला तर एक काका म्हणाले, आवाज लिमिटच्या आत आहे, नेटवर बघा. मी आता कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी रोज रात्री किती वेळा उठावं लागलं त्याच्या रेघा मारते. खरंच लिमिटच्या आत असेल तर मीच बाऊ करतेय का?

नाही हो, अजिबात नाही. आणि तुमच्या त्या रेघांकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण ह्या सगळ्या पत्रांत कामाची गोष्ट कोणी केली असेल तर ती तुम्ही.

आधी लिमिट म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते पहाटे ६. हे आकडे गणपती-नवरात्रात पेपरमध्ये येतात म्हणून सगळ्यांना माहीत असतात. पण विमानतळाच्या आजूबाजूला केंद्र सरकारने २०१८ मध्ये वेगळे आकडे लावले. ज्या विमानतळावर वर्षाला ५० हजारांपेक्षा जास्त उड्डाणं-उतरणं होतात तिथे झोनमध्ये, म्हणजे विमानतळाभोवती आखलेल्या हद्दीत, दिवसा ७० आणि रात्री ६५, आणि त्याहून लहान विमानतळांना ६५ आणि ६०. म्हणजे त्याच घराला, त्याच बाळाला, रात्रीची मर्यादा ४५ वरून थेट ६५ होऊ शकते. डेसिबलमध्ये १० वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, मग २० वाढले म्हणजे चौपट. तेव्हा मीटिंगमध्ये कोणी लिमिट म्हटलं की आधी विचारा, कोणतं लिमिट?

दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची आहे. हे आकडे सरासरीचे असतात. म्हणजे रात्रभरात जेवढा आवाज झाला तो सगळा एकत्र करून सगळ्या वेळेवर पसरवायचा. आता मी तुम्हाला एक हिशोब करून दाखवते. समजा तुमच्या खिडकीत एरवी ४५ डेसिबल आहे, शांत. तासाभरात एकच विमान गेलं, अर्धा मिनिट, ७५ डेसिबलने. त्या तासाची सरासरी येते साधारण ५५. बरं, आता तासाला एक नाही, दहा विमानं गेली, म्हणजे दर सहा मिनिटांनी एक, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट ७५. सरासरी किती येईल? ६४. अजूनही ६५ च्या आत! आठ तासांच्या रात्रीत ८० वेळा खिडकी थरथरली तरी कागदावर सगळं नियमात, आणि ज्या आईने ८० पैकी पाच वेळा बाळ उचललं तिची कुठल्याच रकान्यात नोंद नाही.

झोप सरासरीने मोडत नाही, एका विमानाने मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात विमानाच्या आवाजाला रात्रीसाठी ४० डेसिबलची शिफारस आहे, तीही सरासरीच आहे पण निदान झोपेचा विचार करून काढलेली. ४० कुठे आणि ६५ कुठे. म्हणून त्या काकांचं बरोबर असू शकतं आणि तरी तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे.

फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय. फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोजण्यासाठी नाही, त्यामुळे दोन फोन शेजारी ठेवले तरी आकडे वेगळे येतात. काल आणि आजची तुलना करायला एकच फोन एकाच जागी ठेवून वापरा, चालेल. पण तक्रारीत पुरावा म्हणून तो आकडा लावू नका, पहिल्याच सुनावणीला उडवून लावतील.

प्रश्न : मी पनवेलचा, रिटायर्ड माणूस, वय ७१. चार दिवस डोक्यावरून एकही विमान जात नाही आणि पाचव्या दिवशी सकाळपासून रांग लागते. हे कोण ठरवतं? आमच्यावरच का?

काका, हे वारा ठरवतो. विमान उडताना आणि उतरतानाही वाऱ्याच्या समोर तोंड करून येतं. आपला रनवे साधारण पूर्व-पश्चिम आहे, पूर्वेला तुमचं पनवेल आणि पश्चिमेला उलवे. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, तेव्हा विमानं पूर्वेकडून म्हणजे पनवेलवरून खाली उतरत येतात आणि पश्चिमेला उडतात. थंडीत सकाळी पूर्वेकडचा वारा असला की उलट. त्यामुळे पनवेलला एका ऋतूत उतरणाऱ्या विमानांचा आवाज आणि दुसऱ्यात उडणाऱ्यांचा, आणि हे दोन आवाज एकसारखे नाहीत.

उडताना इंजिन पूर्ण जोरात असतं, तो खोल घरघरता आवाज, ज्याने मांडणीवरची भांडी वाजतात आणि जो भिंतीलाही जुमानत नाही. पण विमान झपाट्याने वर जातं. उतरताना इंजिन मंद असतं, पण पंखांच्या फळ्या खाली आलेल्या, चाकं बाहेर काढलेली, त्यावर वारा आपटून शिट्टीसारखा आणि फरफर असा आवाज होतो, आणि विमान बराच वेळ खालून सरकत येतं. उतरायची वाट साधारण ३ अंशांच्या उताराची असते. रनवेच्या टोकापासून ५ किलोमीटरवर विमान जमिनीपासून पावणेतीनशे मीटरवर असतं, म्हणजे नव्वदेक मजली इमारतीएवढं. दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर धरा आणि तुमच्या गच्चीचा हिशोब तुम्हीच करा.

अजून एक, थंडीत पहाटे आवाज जास्त का वाटतो असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, मग आवाज वर निघून जायच्या ऐवजी वाकून परत खाली येतो. म्हणून लांबची लोकल सुद्धा त्या वेळी घराशेजारून गेल्यासारखी ऐकू येते. आणि मे महिन्यात दुपारी तापलेली हवा विरळ असते, भरलेलं विमान हळू चढतं, तेव्हा ते जास्त खालून गेल्यासारखं दिसतं ते खरोखरच खालून जातं.

प्रश्न : आम्ही कोपरखैरणे-वाशीच्या मध्ये राहतो. मुंबईची विमानं वर्षानुवर्षं आमच्यावरून उतरतात. नवा विमानतळ झाला, आता आमचा त्रास कमी होईल ना?

खोटी आशा लावायची नाही मला. मुंबईच्या मुख्य रनवेवर पूर्वेकडून येणारी विमानं खाडीच्या अलीकडे तुमच्या भागावरून येतात, रनवेपासून १३-१४ किलोमीटर म्हणजे सातशे मीटरच्या आसपास उंची. मुंबई विमानतळावरून वर्षाला ५ कोटींहून जास्त लोक जातात-येतात आणि तिथे जागेसाठी कंपन्या रांगेत असतात. एक विमान इकडे आलं की त्याची वेळ दुसरं कोणीतरी घेईल, असंच मला वाटतं. फायदा होईल तो नव्या विमानांच्या इंजिनांचा, ती जुन्यांपेक्षा खरंच शांत आहेत, पण तो हळूहळू.

प्रश्न : ठाण्याला वन रूम किचन आहे, ते विकून उलव्यात टू बीएचके घ्यायचा विचार आहे. बिल्डर म्हणतो एअरपोर्टची एनओसी आलेली आहे, काही प्रॉब्लेम नाही, वर साउंडप्रूफ विंडो फ्री. घ्यावा का?

एनओसी उंचीची असते! इमारत विमानाच्या वाटेत येऊ नये म्हणून किती मीटरपर्यंत बांधायची, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. त्या घरात माणसाला झोप लागेल की नाही ह्याच्याशी त्या कागदाचा काडीचा संबंध नाही, आणि हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता राग येतो, कारण आयुष्यभराची कमाई घेऊन आलेल्या माणसाला तो कागद दाखवून गप्प केलं जातं.

खिडकीचं सांगते. आवाज हवेसारखा असतो, जिथून हवा येते तिथून तो येतो. खिडकीच्या जागेपैकी शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला तरी २० डेसिबलच्या वर काहीच अडत नाही, मग काच कितीही महाग लावा. आपल्याकडे सरसकट बसवतात ती स्लायडिंग, तिच्या दोन फळ्यांच्या मध्ये ब्रश असतो, रबर नाही, आणि ब्रशमधून आवाज आरामात येतो. लागते ती दारासारखी उघडणारी आणि हँडल दाबल्यावर चारी बाजूंनी रबरावर घट्ट बसणारी, आणि काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असलेली. ढोबळमानाने उघडी खिडकी १०-१५ डेसिबल कमी करते, बंद स्लायडिंग २० ते २५, आणि नीट बसवलेली लॅमिनेटेड ३५ च्या आसपास.

सॅम्पल फ्लॅट बघायला जाल तेव्हा एक उदबत्ती घेऊन जा. पंखा बंद करा, खिडकी बंद करा, आणि पेटवलेली उदबत्ती खिडकीच्या कडेने हळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक, जिथे वाकडा झाला तिथून आवाज येणार. मी मागे करंजाडेच्या एका घरात हे केलं होतं, नवी कोरी खिडकी, वर स्टिकर सुद्धा काढलेला नव्हता, आणि खालच्या कोपऱ्यात धूर असा बाहेर ओढला गेला की घरमालक बघतच राहिले. पावसाचं पाणी बाहेर जायला तिथे भोकं ठेवली होती आणि ती तशीच मोकळी होती. एसीच्या पाइपचं भोक, किचनच्या एक्झॉस्टचं भोक, बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या, हे सगळं बघायचं. सगळ्यात वरचा मजला असेल तर स्लॅबमधूनही येतो.

पण मुळात हे लक्षात घ्या की बंद खिडकी म्हणजे मे महिन्यात एसी, म्हणजे बिल, आणि लाइट गेली की खिडकी उघडावीच लागणार. फुकटात दिलेली विंडो पुढची वीस वर्षं तुमच्याकडून पैसे घेत राहते. घर बघायला दुपारी एजंटबरोबर जाऊन येऊ नका. रात्री ११ ला जा, परत पहाटे ५ ला जा, एकदा ह्या वाऱ्यात आणि एकदा त्या वाऱ्यात, शक्य असेल तर त्याच गल्लीत कोणाकडे तरी एक रात्र राहा. आणि दोन घरांत निवड असेल तर बेडरूमचं तोंड विमानांच्या वाटेकडे नसलेलं घर घ्या, इमारतच आडोसा देते. हे सगळं करून पटलं तर जरूर घ्या, मी नको म्हणणार नाही, ठाण्यातल्या वन रूम किचनमध्ये चार माणसं कशी राहतात ते मला माहीत आहे.

प्रश्न : मी पारगावच्या बाजूला शाळेत शिकवते. विमान जाताना मला थांबावं लागतं. मुलं हसतात, मग परत सुरुवात. दिवसातून किती वेळा थांबते त्याचा विचार केला तर वाटतं ह्याचा मुलांवर काही परिणाम होत असेल का?

होतो, बाई. आणि ह्याचं एक उदाहरण आहे जे आपल्याला जवळजवळ तसंच्या तसं लागू पडतं. जर्मनीत म्युनिक शहरात १९९२ मध्ये जुना विमानतळ बंद झाला आणि दुसऱ्या ठिकाणी नवा सुरू झाला. संशोधकांनी आधीपासून दोन्हीकडच्या शाळकरी मुलांची वाचनाची आणि आठवणीत ठेवण्याची चाचणी घेऊन ठेवली होती, आणि नंतरही घेत राहिले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचं वाचन आणि लांब काळाची आठवण घसरली. आणि जुना बंद झाला तिथल्या मुलांची सुधारली. म्हणजे मुलं तीच, शहर तेच, बदलला तो आवाज. त्यातली दिलासा देणारी गोष्ट हीच की आवाज गेल्यावर मुलं सावरतात.

आपल्याकडे अशी चाचणी पहिल्या काही महिन्यांतच घेऊन ठेवायला हवी, अजून विमानं कमी आहेत तोवर. ह्याला मोठं बजेट लागत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना एक उतारा वाचायला द्या, दुसऱ्या दिवशी त्यावर पाच प्रश्न विचारा, मार्क आणि तारीख लिहून ठेवा, दर सहा महिन्यांनी त्याच इयत्तेला तसाच उतारा. वर्गाच्या खिडक्या कोणत्या दिशेला आहेत तेही लिहा. तुम्ही थांबता तेव्हा खडूने फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ मारायची, शाळा सुटताना मोजायची. उद्या शाळेला चांगल्या खिडक्या आणि आवाज शोषणारं छत मागायचं असेल तर मुख्याध्यापकांच्या अर्जाला हे जोडा.

तुमच्या वर्गात विस्थापित गावांची मुलं असतील. १० गावं ह्या विमानतळासाठी उठली, उलव्याची टेकडी फोडताना सुरुंगांचे आवाज ह्याच लोकांनी ऐकले. १९८४ मध्ये जासईला दि. बा. पाटलांच्या बरोबर ज्यांचे आजोबा जमिनीच्या भावासाठी उभे राहिले त्यांची नातवंडं आज त्या वर्गात बसलेली असतील. त्यांना निदान बाई काय सांगतात ते सलग ऐकू यावं, एवढं तरी ह्या प्रकल्पाने त्यांना द्यायला हवं. ह्या गोष्टीवर मी तडजोड करायला तयार नाही.

प्रश्न : मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे. विमानतळ हवाच आहे, आमच्या मुलांना तिथे नोकऱ्या लागल्यात. पण पुढे दुसरा रनवे येणार म्हणतात. नक्की काय मागायचं आणि कोणाकडे?

तुमचं पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण तुम्ही विमानतळाच्या विरोधात नाही आहात आणि मीही नाही. मागायचं आत्ताच, कारण पुढचे आकडे बघा. पहिल्या टप्प्यात वर्षाला २ कोटी प्रवासी. एका विमानात सरासरी दीडशे माणसं धरली तर १ लाख ३३ हजार उड्डाणं-उतरणं, म्हणजे दिवसाला साडेतीनशेच्या वर. पूर्ण झाल्यावर ९ कोटी प्रवासी आणि ३,७०० मीटरचे दोन रनवे, एकमेकांपासून दीड किलोमीटर लांब. म्हणजे विमानं साडेचार पट. आणि सरासरी आवाज किती वाढेल? त्याच वाटेने, तशीच विमानं धरली तर साडेसहा डेसिबल! साडेचार पट जाग येणार आणि रिपोर्टमध्ये साडेसहा लिहिलं जाणार. शिवाय दुसऱ्या रनवेची वाट दीड किलोमीटर बाजूला, म्हणजे आज ज्यांना काहीच ऐकू येत नाही अशी घरं सुद्धा त्यात येतील.

तर पहिली मागणी नकाशाची. २०१८ च्या नियमात एअरपोर्ट नॉइज झोन आहे, त्याची हद्द कुठून कुठवर, आपली सोसायटी आत की बाहेर, दोन रनवे झाल्यावरची हद्द कुठली, हे लेखी मागा. डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), सिडको आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ, तिघांकडे माहितीच्या अधिकारात वेगवेगळे अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर अपील करा. दुसरी मागणी, मोजणारे मीटर कायमचे बसवा आणि सरासरीबरोबर प्रत्येक विमानाचा सर्वात मोठा आवाज आणि रात्री किती विमानं गेली हा आकडाही जाहीर करा. ही एक मागणी मान्य झाली तरी बाकीच्या निम्म्या आपोआप पुढे सरकतील असं माझं मत आहे. तिसरी, रात्रीची. फ्रँकफर्टला २०११ मध्ये नवा रनवे सुरू झाला तेव्हाच रात्री ११ ते पहाटे ५ ठरलेल्या वेळापत्रकातली उड्डाणं बंद झाली, आणि तो युरोपातल्या मोठ्यातल्या मोठ्या विमानतळांपैकी आहे. आपल्याकडे एकदम तसं होणार नाही, पण मध्यरात्री ते पाच ह्या वेळेत शांत इंजिनाच्या विमानांनाच परवानगी, उतरताना पायऱ्यापायऱ्यांनी नाही तर एकसारखं खाली येणं, पहाटे इंजिनची चाचणी नाही, हे मागता येतं, आणि ह्यातलं काही मागितल्याने कोणाची नोकरी जात नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर एक ठराव करा, पण एकट्याने पाठवू नका, आजूबाजूच्या दहा सोसायट्या आणि गावांच्या ग्रामपंचायती बरोबर घ्या. टॉवरवाले आणि गाववाले वेगवेगळे अर्ज करत बसले तर दोघांनाही पोच पावतीच मिळेल.

आणि नोंदवही. प्रत्येक घराने नको, सोसायटीत तीन-चार घरं ठरवा, वेगवेगळ्या मजल्यांवरची. तारीख, वेळ, विमान कुठल्या दिशेने गेलं, उडणारं की उतरणारं, खिडकी उघडी होती की बंद, झोप मोडली का. बास, एवढंच. आकाशात विमान दिसतं ते कोणतं हे सांगणारी ॲप आहेत, वेळ बरोबर लिहिली असेल तर विमान नंतरही शोधता येतं.

उलव्याच्या ताई, म्हणूनच तुमच्याकडे परत आले. तुमच्या रेघा म्हणजे हीच वही आहे. फक्त रेघेऐवजी वेळ लिहायला लागा, २:१०, ३:४०, असं, दुधाच्या शेजारी जागा पुरत नसेल तर पानाच्या मागे लिहा, आणि ज्या रात्री बाळ एकदाही उठलं नाही त्या चौकोनात शून्य नक्की टाका, कोरं सोडू नका, कारण तपासणारा आधी कोरे चौकोन शोधतो. महिना उलटला की पानाचा फोटो काढून सेक्रेटरींना द्या. आणि डिसेंबरनंतर तो कालनिर्णय रद्दीत देऊ नका.